लाळी

सकाळी नऊच्या आत दोघांचं निधन उरकते मी.
येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी, अनगोळच्या एक काकी.
'मनमिळाऊ स्वभाव', 'परिसरात हळहळ',
ओळीला दर ठरलेला, फोटोचे वेगळे.
मग पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका:
चेअरमनसाहेबांचं मनोगत,
जे त्यांच्या मनात अजून पोचलेलं नाही.
लग्नपत्रिकेच्या तळाला चिमुकल्यांची दटावणी.
दुपारी कचेरीतल्या कन्नड नोटिसा मराठीत,
पानाला साठ रुपये,
शेजारी वकिलाचा थंड होत गेलेला चहा.

हेही लेखनच, असं सांगते विचारणाऱ्याला.
लाईट बिल निघतं यातून.

भिंतीपलीकडं निंगव्वाचे दोन माग.
खट-खटाक्, खट-खटाक्, पहाटे पाचपासून.
भाडं कमी म्हणून घेतली वडगावातली ही खोली.
पहिलं वर्ष कानात कापूस घालून काढलं.
आता लाईट गेली, माग थांबले
की माझं वाक्यही उभं राहतं मध्येच
एक पाय वर धरलेल्या बगळ्यासारखं.

कादंबरी सातव्या वर्षात आहे.
चारदा लिहून काढली.
तिसऱ्यांदा गोष्ट सासऱ्याकडून काढून
सुनेच्या तोंडी दिली,
तेव्हा तीनशे पानं रद्दीत गेली: दीड किलो, अठरा रुपये.
अठरा रुपयांत कुंदा येत नाही,
बोट चाटण्याइतकासुद्धा.

पुण्याहून हस्तलिखित परत आलं.
पान एक्क्याण्णव. 'लाळी'भोवती पेन्सिलीचं वर्तुळ.
समासात बारीक अक्षर: 'लाळ? की धोटा म्हणायचंय?'

बरोबर आहे. तिकडं धोटाच. कोशातही.
मी धोटा लिहिला. वाचून पाहिलं.
माग चालेना.
सून मागापाशी उभी राहिली पाहुण्यासारखी,
चप्पल न काढता.
खोडलं. त्या एका शब्दापायी परिच्छेद उसवला,
परिच्छेदापायी प्रकरण,
एका दिवाळी अंकाची तारीख हुकली,
आणि भावाच्या नव्या घराची वास्तुशांत.

गेले निंगव्वाकडं. म्हटलं, जरा हातात दे.
तिनं फळीवरची जुनी दिली, हातमागाच्या दिवसांतली.
गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड,
मध्ये अंगठा बसेल एवढा खळगा.
कुणाच्या अंगठ्याचा, तिलाही माहीत नाही.
'सात वर्षं काय करायलीस गं?
दोन दिसात साडी उतरतंय माझी.'
सांगितलं, उसवते, परत विणते.
ती हसली.
'उसवू नको. दोरा तुटला की गाठ मार, फुडं जा.
गाठ पाठीकडं ऱ्हातंय.
नेसणारीला कुठं दिसतंय?'

माझ्या कापडाला पाठ नाही, निंगव्वा.
हे तिथं म्हणाले नाही. घरी आल्यावर सुचलं.
वहीत लिहिलं, मग तेही खोडलं.
फार शहाणं वाटलं.

रात्री संपादकांना पत्र.
'लाळीच ठेवावं.' उर्मट वाटलं.
'लाळी ठेवता आल्यास.' लाचार.
'आमच्याकडं लाळी म्हणतात.' मग ते 'आमच्याकडं' खुपायला लागलं.
दोन ओळींचे पाच मसुदे.
बाराला पलीकडचे माग थांबले, मी नाही,
तरी पत्र झालं नाही.

पावणेनऊला फोन. खासबागचे एक विणकर गेले.
नातू सांगत होता, मी उतरवत होते:
वय एक्क्याऐंशी, पश्चात दोन मुलं, एक मुलगी,
अंत्यविधी अकराला.
'झालं?' मी विचारलं.
जरा थांबून म्हणाला,
'लाळी हातातच होती ओ त्यांच्या.'
मग घाईनं, 'ते नको घालू. ओळ वाढंल.'

घातली.
पैसे लावले नाहीत.
उद्या छापून येईल तेव्हा कळेल
ठेवतात की काढतात.